सहाव्या थरातल्या सात खापऱ्या

"ताई, हे बगा, जुळलं!"

कौसाबाई माझ्या टेबलापाशी उभी होती आणि तिच्या दोन्ही हातांत मिळून एक गोष्ट होती. लाल, चकचकीत, पातळ मातीची तोटी आणि तिला लागून भांड्याच्या पोटाचा हातभर नव्हे, पण चांगला चार बोटं रुंद तुकडा. मधे केसाएवढी रेघ. तिनं हात सैल केले तेव्हा कळलं, की ते दोन तुकडे आहेत.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

"तोटी हाये जानेवारीच्या पोत्यातली. सर मोजायला सांगत्यात नव्हं ती पोती, त्यातली. आन् हे तुमच्याच टेबलावरलं. मला कवाच वाटत हुतं, ह्याची जोडी म्या कुटंतरी धुतलीया."

चेहरा कसा फुलला होता तिचा!

पण तिनं माझ्या टेबलावरून उचललेला तुकडा म्हणजे माझ्या सात खापऱ्यांपैकी एक होता. त्या सात खापऱ्यांवर माझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण उभं होतं. मी तिच्या हातातच तुकडे उलटे केले. मागं आमच्याच काळ्या शाईतले आकडे. तोटीवर तिसरा थर, दुसऱ्या तुकड्यावर सहावा. दोन्ही अक्षरं माझी.

हे कुणाला पटकन कळायचं नाही, म्हणून सांगते. खापरीवर काही तारीख लिहिलेली नसते. ती कुठल्या थरात सापडली त्यावरून तिचं वय ठरतं. गाव बसतं, मोडतं, त्यावर माती चढते, पुन्हा गाव बसतं. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. आम्ही खणत होतो त्या टेकाडात तिसरा थर दोन हजार वर्षांपूर्वीचा होता, सहावा सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा. असली चकचकीत लाल भांडी सगळीकडे तिसऱ्या थराच्या काळातलीच मिळतात. माझ्या चरात, म्हणजे मी खणवत होते त्या खड्ड्यात, मात्र ती सहाव्या थरात मिळाली होती. म्हणजे ही कला आमच्या भागात सातशे वर्षं आधी होती! एकोणऐंशी सालचा मार्च महिना होता, मी सव्वीस वर्षांची होते आणि उत्खननाचे प्रमुख हर्डीकर सर दहा दिवसांनी पुण्याच्या परिषदेत हे जाहीर करणार होते. निबंधावर त्यांच्या नावाखाली माझं नाव होतं, शकुंतला रणपिसे.

आणि आता एकाच भांड्याचा एक तुकडा तिसऱ्या थरातला आणि एक सहाव्या थरातला. भांडं तर एकदाच फुटतं. म्हणजे दोनांतला एक आकडा खोटा.

माझं डोकं लवकर तापतं. आता सत्तरी ओलांडली तरी तापतं, तेव्हा तर विचारूच नका.

"कौसाबाई, खापऱ्या धुवायचा हौद शेवटचा कधी उपसलास?"

"रोज उपसते की."

"रोज? मग जानेवारीतल्या तिसऱ्या थराच्या खापऱ्या फेब्रुवारीच्या पाटीत कशा आल्या? तळाशी राहिल्या असणार आणि तू सहाव्या थराबरोबर काढून ठेवल्यास! अगं, काय करून बसलीस तू!"

हौदावरच्या बाकीच्या बायांनी माना वर केल्या. शेवंता नावाची एक तोंडाळ बाई होती, ती हसलीसुद्धा.

"ताई," कौसाबाई सावकाश म्हणाली, "म्या मिसळलं न्हाई."

"मग काय खापरी चालत आली?"

"त्ये मला ठावं न्हाई. पर म्या मिसळलं न्हाई."

मी तिच्या हातातून तुकडे घेतले आणि तंबूत गेले. चराची रोजवही उघडली. आमच्याकडे या वहीचा नियम कडक होता. शाईनं लिहायचं, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर खाली नवी नोंद करायची. मी एका दमात लिहून टाकलं : 'सहाव्या थरातील सात लाल खापऱ्या ग्राह्य धरू नयेत. धुणारी स्त्री कौसाबाई हिच्या निष्काळजीपणामुळे दोन थरांची सरमिसळ झाली आहे.' खाली सही ठोकली. एवढं मन लावून मी प्रबंधाचं पानही लिहिलं नसेल.

हर्डीकर सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. ते वर्षभरात निवृत्त होणार होते आणि हा शोध त्यांना जाता जाता हवा होता. पण माणूस शिस्तीचा. म्हणाले, "जुळतंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. निबंध मागे घेऊ. तुमचं एक प्रकरण गेलं, रणपिसे, बाकीचा प्रबंध शाबूत आहे. त्या बाईला उद्यापासून माती वाहायला घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आली आणि मातीच्या पाटीला हात न लावता हौदाच्या काठावर जाऊन बसली.

चाळिशीची असेल. उंच, हाडकुळी, पदर डोक्यावरून कधी न ढळणारी. चार वर्षं प्रत्येक हंगामात माझ्या चराच्या खापऱ्या तिनंच धुतल्या होत्या. मी जाऊन म्हटलं, "कौसाबाई, तुला तिकडं सांगितलंय."

"जाते की. आदी शिद्ध करा."

"काय सिद्ध करा?"

"म्या मिसळलं ते. काल सांजच्याला पाण्यावर बाया म्हणत हुत्या, कौसानं साहेबांचं वाटोळं केलं. माझी सासू म्हणती, डोळं फुटलं हुतं का? माझ्या लेकीचं सोयरं उद्या हेच इचारतील. असं कसं ताई? चार वरसं म्या एक खापरी हिकडची तिकडं केली न्हाई. तुमी मला शिकवलं नव्हतं, माझं म्या ठरवलं हुतं. एक पाटी धुवायची, तिच्या चौकोनात मांडायची, चिठ्ठी दगडाखाली ठेवायची, हौद उपसायचा, मंगच दुसऱ्या पाटीचं तोंड उघडायचं. वाचता येत न्हाई म्हणून तर जास्त जपते."

"बोलायला काय जातंय!"

"मंग मोजा," ती म्हणाली. "तीन दिस म्या धुते. जाताना मोजा, येताना मोजा. एक जरी कमी-जास्त झाली तर म्या आपल्या पायानं घरला जाते."

मलाही जोर चढला. म्हटलं, बघतेच हिला. सरांना सांगितलं आणि तीन दिवस मी तिच्या मानगुटीवर बसले. पाटी हौदावर जाण्याआधी तंबूत नेऊन खापऱ्या मोजायच्या, सुकल्या की पुन्हा मोजायच्या. तिला आकडा सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी तर मी फारच वाईट वागले. ती भाकरी खायला झाडाखाली गेली तेव्हा हौदाच्या तळाशी मुद्दाम एक खापरी टाकली. अगदी नखाएवढी. ती आली, हौद उपसला, गाळ चाळणीवर घेतला, आणि ती खापरी माझ्यापुढं आणून धरली.

"ही पाटीतली न्हाई. पाटीचं सगळं मांडून झालंय. कुटली म्हणायची ताई ही?"

माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे. तिनं एकदा माझ्याकडं नीट पाहिलं, खापरी माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेली. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवलेच नाही.

तीन दिवसांत अकराशे सव्वीस खापऱ्या गेल्या आणि अकराशे सव्वीस परत आल्या.

आता सांगा! बाईनं मिसळलं नाही म्हणावं तर खापऱ्या सहाव्या थरात आल्या कुठून? एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता. तीन दिवसांचा हिशेब म्हणजे काही फेब्रुवारीचा हिशेब नव्हे, असं म्हणून मोकळा झाला असता. सर तेच म्हणालेही. पण माझ्या मनाला ते चावत राहिलं. मला एकदा शोधाचं वेड लागलं की माझीच मी राहत नाही. ठरवलं, घोळ हौदावर नाही, तर हौदाच्या आधी कुठंतरी झालाय. हौदाच्या आधी काय होतं? चर. आणि चर कुणाचा होता? माझा.

मी रोजवही घेऊन चराच्या काठावर बसले आणि फेब्रुवारीपासून एकेक दिवस वाचत गेले. वाचताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं, किती नीटस लिहिलंय म्हणून. बावीस तारखेला आले. 'सहावा थर, पूर्वेचा कोपरा, भिंतीलगत. लाल चकचकीत खापऱ्या, सात.' याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं? पान उलटलं. एकवीस तारीख. एकच ओळ होती.

'फोटोसाठी पूर्वेची भिंत तासली.'

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

भिंत तासणं म्हणजे आमचा आवडता उद्योग. चराची उभी बाजू सुरीनं गुळगुळीत तासायची, म्हणजे सगळे थर एकावर एक कसे स्वच्छ दिसतात आणि फोटो देखणा येतो. तासताना वरच्या थरातली माती, दगड, खापऱ्या खाली पडतात. नियम असा, की फोटोच्या आधी आणि नंतर चराचा तळ झाडून काढायचा आणि पडलेलं सगळं टाकून द्यायचं. त्या दिवशी भिंत मीच तासली होती. कुणाला हात लावू दिला नव्हता, कारण माझ्याइतकी गुळगुळीत भिंत कुणाला जमत नाही असा माझा दिमाख होता. ऊन उतरत होतं, फोटोग्राफर घाई करत होता. मी समोरचा भाग झाडला. कोपरा फोटोत येत नव्हता. तो राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खणणाऱ्यांनी तिथून खापऱ्या उचलल्या, मी स्वतः चिठ्ठीवर सहावा थर लिहिला आणि आनंदानं ओरडले.

तरी मी मनाला म्हटलं, हे झालं असेल असं नाही, झालं असू शकतं. पुरावा कुठंय?

शिडी लावली. पूर्वेच्या कोपऱ्यापासून टेप धरला. तिसऱ्या थराच्या उंचीवर चढून भिंतीला नाक लावलं. महिन्याभराच्या उन्हानं माती पांढुरकी झाली होती, काही दिसेना. पाणी मागवून हातानं शिंपडलं. मग दिसलं. भिंतीच्या पातळीत तासलेली, बोटभर लांबीची लाल रेघ. मातीत रुतलेल्या खापरीची कड! मी सुरीच्या टोकानं भोवतालची माती एकेक कण काढत बसले. तासभर तरी गेला असेल. पोटऱ्या भरून आल्या, सर वरून दोनदा हाका मारून गेले. शेवटी ती माझ्या तळव्यावर सुटून आली. तिची एक कड ताजी तुटलेली होती, आतून फिकट लाल. जुनी तुटलेली कड मातीनं मळलेली असते. ही कड त्या दिवशी माझ्याच सुरीनं तुटली होती.

टेबलाशी आले. सात खापऱ्या ओळीनं मांडल्या होत्या. पहिली नाही, दुसरी नाही. चौथीची एक कड तशीच फिकट होती. मी ती महिनाभर पाहत होते, आणि ताजी कड दिसत असून मनाला विचारलं नव्हतं, की ही कशानं तुटली. दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. चपखल बसले.

भिंतीतली ती खापरी कौसाबाईच्या हातात कधी गेलीच नव्हती. हौद त्या खापरीनं पाहिलाच नव्हता.

मी ते तुकडे घेऊन सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी तंबूचा पडदा ओढून घेतला.

"हे कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. खापऱ्या आपण बाद केल्याच आहेत. निबंध मागे घेतलाय. शास्त्राचं नुकसान शून्य. कारण धुताना मिसळलं असं लिहिलंय, ते राहू द्या."

"पण ते खोटं आहे, सर."

"रणपिसे, डोकं शांत ठेवून ऐका. धुणाऱ्या बाईची चूक म्हटलं की सात खापऱ्या जातात. चर खणणाऱ्याची चूक म्हटलं की अख्खा चर जातो. तासलेला माल जिनं एकदा उचलला, तिनं दहादा उचलला नसेल कशावरून, असं परीक्षक विचारतील. मी परीक्षक असतो तर मीही विचारलं असतं. तुमचा सगळा प्रबंध त्या एका चरावर आहे. चार वर्षं!"

"माहितीय."

"त्या बाईचं काय जातंय? ती पुढच्या वर्षी हे विसरूनही जाईल."

हे ते बोलले नसते तर मी काय केलं असतं, खरंच सांगता येत नाही. मला प्रबंध हवा होता. वडिलांनी साताऱ्यात पेढेसुद्धा ठरवून ठेवले होते. पण 'तिचं काय जातंय' म्हटल्यावर मला ती हौदाच्या काठावर बसलेली दिसली. आणि राग आला. नेहमीचाच माझा राग, पण या वेळी पहिल्यांदा योग्य माणसावर, म्हणजे माझ्यावर.

"सर, मी नोंद करणार."

"मी मनाई केली तर?"

"तरी करणार. वही माझ्या चराची आहे."

"मग करा!" सर ओरडले. "आणि मग रडत येऊ नका माझ्याकडे!"

मी तिथंच, त्यांच्यासमोर, उभ्याउभ्या लिहिलं. अक्षर पार वेडंवाकडं आलं. मग वही घेऊन हौदावर गेले. दुपारची वेळ होती, सात-आठ बाया खापऱ्या घासत होत्या. कौसाबाई टोकाला बसली होती. मोजणी संपल्यापासून ती माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती.

"कौसाबाई, तू मिसळलं नव्हतंस. चूक माझी होती. मी वहीत लिहिलंय."

तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. "काय लिव्हलंय?"

"तेच. माझी चूक म्हणून."

"वाचा."

मी वाचलं : 'वरील नोंद चुकीची आहे. सात खापऱ्या तिसऱ्या थराच्या असून फोटोसाठी भिंत तासताना खाली पडल्या. तळ न झाडता त्या सहाव्या थराच्या म्हणून मी उचलू दिल्या. दोष सर्वस्वी माझा. कौसाबाईचे काम निर्दोष आहे. शकुंतला रणपिसे.'

बाया घासायच्या थांबल्या होत्या.

"वरली नोंद म्हंजी कुटली?" कौसाबाईनं विचारलं.

"आधी लिहिली होती ती."

"त्यात माझं नाव हाये?"

"आहे."

"ती बी वाचा."

"कशाला आता? ती खोटी आहे ना."

"खोटी हाये म्हणूनच वाचा. मला वाचता आलं असतं तर माझी म्या वाचली असती."

मी वाचू लागले. 'धुणारी स्त्री कौसाबाई हिच्या' इथपर्यंत आले आणि थांबले. निष्काळजीपणा हा शब्द लिहिताना किती झरझर लिहिला होता, आता तोंडातून बाहेर निघेना. मागं पावलं वाजली. सर येऊन उभे राहिले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पण कौसाबाई काही सोडायला तयार नव्हती. ती नुसती माझ्याकडं बघत होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत वाचलं.

"हे पान फाडता येत न्हाई?" शेवंतानं विचारलं.

"नाही," सर मागून म्हणाले. "नियम आहे. पुसताही येत नाही."

"मंग कौसाचं नाव ऱ्हानारच की त्यात. जन्माचं."

मी कौसाबाईकडं पाहिलं. तिनं पदराला हात पुसले, उठून जवळ आली आणि त्या पानावरच्या काळ्या ओळी निरखून पाहिल्या, न कळणाऱ्या.

"माझं कुटंय?"

मी बोट ठेवलं.

"आन् तुमचं?"

मी खाली बोट ठेवलं.

"मंग असू द्या," ती म्हणाली. "जो माझं वाचंल, तो फुडं तुमचं बी वाचंल."

आणि ती आपल्या जागी जाऊन बसली, ब्रश उचलला आणि पाटीतली पुढची खापरी धुवायला घेतली.